श्री. ब्रेकरराव पोकलेनकर यांस खुले पत्र

रा. रा. ब्रेकरराव पोकलेनकर,
मुक्काम पोस्ट खड्डा, पत्र्याच्या कुंपणाआड, मुंबई

सा. न. वि. वि.

हे पत्र कुणाकडून तरी ओरडून वाचून घ्या. तुमच्या शेजारी उभं राहून हळू बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही. आमची हळू बोलायची सवय तर तुम्ही कधीच मोडून काढलीत. घरात मीठ मागायचं तरी आवाज चढवावा लागतो आणि आलेल्या पाहुण्यांना वाटतं, यांचं भांडण चाललंय.

भुयारी मेट्रोच्या यंत्राला पत्र म्हटलं की लोकांना वाटतं, ते भुयार कोरणाऱ्या टीबीएमबाईंना असणार. साहजिक आहे. त्या घराण्याचा थाटच वेगळा. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या मेट्रो 3 साठी अशी 17 यंत्रं आली. कृष्णा, गोदावरी, तापी, वैनगंगा, वैतरणा, तानसा, सूर्या अशी नद्यांची नावं त्यांना मिळाली. पुण्यात त्यांच्याच बहिणी मुळा, मुठा म्हणून उतरल्या. खाली जाताना नारळ, हार, कुंकवाची बोटं. पलीकडची भिंत फोडून बाहेर आल्या की टाळ्या, कॅमेरे आणि हेल्मेट घातलेले मान्यवर. मुंबईत हा सोहळा 42 वेळा झाला. शेवटचा 2022च्या नोव्हेंबरअखेर, महालक्ष्मीला.

तुम्ही पडलात दगड फोडणारे ब्रेकर. तुमचं बारसं कुणी केलं नाही. पंचगंगा नावाचा ब्रेकर आमच्या ऐकिवात नाही. नारळ तर सोडाच, नारळाची शेंडीसुद्धा तुमच्या वाट्याला आली नाही. एवढा मोठा आवाज काढूनही तुमचा आवाज कुणाच्या कानावर गेला नाही, हे पाहून आमचं मन भरून आलं. म्हटलं, सरकारनं नाही तर नाही, निदान शेजाऱ्यांनी तरी तुमचा यथोचित सत्कार करावा. तो या पत्रातून करतो आहे. शाल-श्रीफळ कुंपणावरून फेकलं तर दगड समजून तुम्ही फोडाल, म्हणून शब्दांवरच भागवतो.

आधी तुमच्या कर्तृत्वाबद्दल, कारण ते खरंच मोठं आहे. टीबीएम कापून काढते ती साधारण साडेसहा मीटर व्यासाची गोल वाट. गाडी जायला तेवढी पुरते. पण माणसांनी गाडीत चढायचं कुठून? फलाट, सरकते जिने, तिकिटांची जागा, हवा खेळवणारी यंत्रं या सगळ्यासाठी लांबरुंद चौकोनी खड्डा लागतो आणि तो वरूनच खणावा लागतो. मेट्रो 3 च्या 27 स्थानकांपैकी 26 भूमिगत आहेत. गिरगाव-काळबादेवीसारख्या ठिकाणी वर जागाच नव्हती, म्हणून तिथे उभी विहीर घेऊन आतून आडवं खणत गेले. बाकी बहुतेक ठिकाणी सरळ रस्ताच उघडला. नद्यांची नावं मिरवणाऱ्या बाईसाहेबांनाही जमिनीखाली उतरायला आधी खड्डाच लागतो. म्हणजे पाया तुम्ही घालायचा आणि कळसाचा मान त्यांनी घ्यायचा. अन्याय आहे, मान्य आहे.

खड्ड्याची रीत आता आमच्या चौकातल्या पोरांनाही पाठ आहे. आधी पायलिंगची रिग येते आणि चौफेर एकमेकांत घुसलेल्या काँक्रीटच्या खांबांची भिंत उभी करते, म्हणजे बाजूची माती आणि पाणी आत येत नाही. मग पोकलेन बकेटनं भराव, माती, मुरूम उपसतं. तोवर सगळं माणसांत असतं. पुढे काळा पत्थर लागतो, बकेटचे दात त्यावरून नुसते घासत जातात आणि मुकादम सांगतो, बकेट काढा, ब्रेकर लावा. झालं. तिथून पुढे तुमचं राज्य.

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून तुम्ही अगदी समोर दिसायचात. पिवळ्या हाताच्या टोकाला काळा ठोकळा, त्यातून बाहेर आलेली मांडीएवढी जाड पोलादी छिन्नी. तेलाच्या दाबानं आतला दट्ट्या वर जातो, डोक्यावर कोंडलेला नायट्रोजन दाबतो, आणि दाब सुटला की तोच वायू दट्ट्याला खाली हाणतो. मिनिटाला तीन-चारशे घाव तुम्ही सहज घालता. अखंड दगडावर आवाज खणखणीत येतो. दगडाला चीर गेली की आवाज बद्द होतो, आणि तेवढ्यात ऑपरेटरनं छिन्नी उचलायची असते, कारण रिकामा घाव बसला तर तुमचंच हाड मोडतं. दर थोड्या वेळानं एक पोरगा ग्रीस गन घेऊन येतो आणि छिन्नीच्या मुळाशी वंगण भरतो. ती दोन-तीन मिनिटं आमची सुट्टी. तेवढ्यात आम्ही फोन करून घ्यायचो, डॉक्टरांना लक्षणं सांगायचो, आजी रेडिओ लावायची. तुम्हाला वेळेवर वंगण घालणाऱ्या त्या पोराचे उपकार आमच्या सात पिढ्या विसरणार नाहीत. त्याच्या कानांना मात्र एक गमछा गुंडाळलेला असायचा. बाकी संरक्षण काही दिसलं नाही.

घराच्या आत तुमचा मुक्काम आणखी जवळून कळायचा. मांडणीतली ताटं आपापसात कुजबुजायची. फुलपात्र टेबलावर ठेवलं की सावकाश कडेकडे सरकायचं. तुळशीच्या पानांवर रोज नवी राखाडी साय. शेजारच्यांच्या बैठकीत भिंतीला एक जुनी भेग आहे. एक दिवस दोघे इंजिनियर आले, त्यांनी भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली आणि शेजारी पेनानं तारीख लिहिली. भेग वाढली तर काच तडकेल, असं त्यांनी समजावलं. त्यानंतर त्या घरात कोणी टीव्ही पाहिला नाही. संध्याकाळी सगळं कुटुंब काचपट्टीकडे पाहत बसायचं. किती हादरा नोंदला गेला, हे विचारलं तर उत्तर एकच: सगळं मर्यादेत आहे. कसल्या मर्यादेत, हा आकडा काही कुणाच्या तोंडून निघाला नाही.

मर्यादेचं म्हणाल तर तिची तुम्हाला ओळख करून द्यायलाच हवी, कारण तुमची आणि तिची कधी भेट झालेली दिसत नाही. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. निवासी वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात दिवसा 50, रात्री 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. तुमच्यासारख्या धिप्पाड गृहस्थाचा आवाज पंधरा मीटरवरून नव्वद डेसिबलच्या आसपास भरतो. कुणी म्हणेल, पंचेचाळीसच्या दुप्पटच ना! डेसिबलचा हिशेब तसा नसतो. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. पंचेचाळीसवरून नव्वदवर जाणं म्हणजे तीस हजार पटींहून अधिक. इतकी प्रगती तर आपल्या शेअर बाजारानंही केली नाही.

आणि गंमत अशी की 2010 साली या नियमांत खास तुमच्यासाठी एक ओळ घालण्यात आली. आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरायची नाहीत. इतकं सरळ. तुम्हाला नदीचं नाव मिळालं नसेल, पण देशाच्या नियमावलीत जागा मिळाली आहे. टीबीएमबाईंना तरी ती कुठे मिळाली?

तरीही रात्री तुम्ही चालत होता. शेवटी प्रकरण न्यायालयात गेलं. 2017च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कफ परेडमधलं रात्रीचं काम थांबवलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये अटी घालून ते पुन्हा सुरू करू दिलं. ज्यांना वकील परवडतो त्यांना काही महिन्यांची झोप मिळाली. बाकीच्या चौकांतल्या लोकांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली, अर्थातच जागरण करून.

रात्रीच का, याचं उत्तर डंपरवाल्यांना विचारा. एक खड्डा धरू. 200 मीटर लांब, 20 मीटर रुंद, 20 मीटर खोल. म्हणजे 80,000 घनमीटर. फुटलेला दगड पोकळ्या धरून फुगतो, दीडपट धरला तर 1,20,000. एका डंपरमध्ये 12 घनमीटर मावला तर 10,000 खेपा, आणि हे एकाच स्थानकाचं. एवढे डंपर दिवसा गर्दीच्या रस्त्यावर आणता येत नाहीत, म्हणून ते रात्री येतात. ते रात्री येणार म्हणून भरायला माल तयार हवा, आणि माल तयार हवा म्हणून तुम्ही रात्री. तर्क बिनतोड आहे. त्यात फक्त झोपणाऱ्या माणसाचा रकाना राहून गेला आहे.

तुमची बाजूही मी मांडतो, नाहीतर सत्कार एकतर्फी व्हायचा. तुमच्यापुढे उभा होता तो साधासुधा दगड नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहिला, त्याचा हा पश्चिमेकडचा काठ. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच घराण्यातली. मुंबईच्या पोटात सगळीकडे एकच प्रकारचा खडकही नाही. कुठे एकसंध बेसॉल्ट, कुठे ब्रेक्सिया, कुठे राखेचा टफ, आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये गाळाचे मऊ थर. वरळीच्या टेकडीतल्या अशाच एका थरात बेडकांचे जीवाश्म सापडले, त्यांची नोंद एकोणिसाव्या शतकातच झाली. म्हणजे वरळीत पाणी साचतं आणि तिथे बेडूक राहतात, ही माहिती शास्त्रज्ञांच्या दप्तरी दीड शतकाहून जास्त काळ आहे. तरी 26 मे 2025च्या पावसात वरळीच्या नव्याकोऱ्या स्थानकात पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांना केवढं आश्चर्य वाटलं! स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. काम चालू असलेल्या एका दाराच्या बाजूनं लोंढा आत आला आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. स्थानकाचं नाव आचार्य अत्रे चौक. अत्र्यांच्या ‘मराठा’त यावर अग्रलेख आला असता, तर संबंधितांनी त्याच पाण्यात बुडी मारून राहणं पसंत केलं असतं.

असो. त्या पाण्याशी तुमचा संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. हादऱ्यांशी आहे. डी. एन. रोडवरच्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या जुन्या इमारतीचा दगडी तुकडा निखळून पडला, तेव्हा मेट्रोच्या हादऱ्यांचा वादही उच्च न्यायालयात गेला. खाणींमधल्या सुरुंगांसाठी आपल्याकडे ठरवून दिलेली मर्यादा पाहा. जुन्या, नाजूक वास्तूजवळ हादरा सावकाश लयीचा असेल तर जमिनीची हालचाल सेकंदाला 2 मिलीमीटरच्या पुढे जाऊ द्यायची नाही. खाणीतल्या सुरुंगाला इतका शिस्तीचा धडा, आणि भरवस्तीत दिवसभर घाव घालणाऱ्या तुम्हाला काय, तर ‘सगळं मर्यादेत आहे’.

तुमचे चाहते लगेच म्हणतील, मग काय मेट्रो बांधायची नाही? हेच ते वाक्य, ज्याच्या आड तुम्ही इतकी वर्षं सुखानं राहिलात. कुंपणावरचा पत्रा तसा पातळच. तुमचं खरं कुंपण हे वाक्य आहे. बांधायची, साहेब, जरूर बांधायची. आरेपासून कफ परेडपर्यंत गाडी 2025च्या ऑक्टोबरपासून धावते आहे. मीही तीतून जातो. थंड डब्यात बसून, घाम न गाळता, दक्षिण मुंबईत पोचतो. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला हे सुख मिळणं ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न मेट्रो हवी की नको हा कधी नव्हताच. दगड फोडायचा तो कसा, कधी आणि कुणाला सांगून, एवढाच होता.

कारण तुमच्यावाचून अगदीच अडतं असं नाही. दगडात ओळीनं भोकं पाडून त्यात फुगणारी पावडर कालवून ओतली की ती रात्रभरात फुगते आणि दगड मुकाट्यानं तडकतो. भोकात घालून तेलाच्या दाबानं दगड दुभंगणारी पाचर मिळते. तारेच्या करवतीनं कापता येतो. नियंत्रित सुरुंगाचा बार असतो. आधी भोंगा वाजतो, वर जाळ्या आणि जाड पट्टे टाकलेले असतात, ठरल्या वेळी एकदाच धडाम होतं आणि विषय संपतो. आठ तासांच्या तुमच्या कीर्तनापेक्षा तो एक धडाम परवडला. दगडापेक्षा वीट मऊ. तुमच्या घराण्यातही पेटीबंद, कमी आवाजाचे भाऊबंद निघाले आहेत. खड्ड्याभोवती आवाज शोषणारे उंच अडथळे उभारता येतात. यातलं काही महाग आहे, काही संथ. म्हणून तुम्ही स्वस्त आणि जलद ठरता. तुमच्या स्वस्ताईतला फरक कुणाच्या खिशातून जातो हे मात्र कुठल्याच निविदेत लिहिलेलं नसतं. तो जातो रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या नर्सच्या, दहावीच्या पोराच्या, नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीच्या खात्यातून.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे घाव आम्ही सोसले आणि देवपण दगडाला नाही, फीत कापणाऱ्यांना आलं.

तर ब्रेकरराव, तुमच्या अपराधाचा निवाडा करायचा तर तो असा. आवाज हा तुमचा स्वभाव आहे, त्याबद्दल तुम्हाला शिक्षा नाही. तुम्ही जिथे लावतील तिथे लागता, जितका वेळ चालवतील तितका वेळ चालता. तुमचा गुन्हा हा की तुमच्या गोंगाटाला लोक काम समजू लागले. जितका आवाज मोठा तितकी प्रगती जोरात, असा समज झाला आणि ज्यांनी मोजायचं, थांबवायचं, आधी कळवायचं, ते सगळे तुमच्या आवाजाआड निवांत बसून राहिले. साहेबानं कंत्राटदाराकडे बोट दाखवलं, कंत्राटदारानं मुकादमाकडे, मुकादमानं ऑपरेटरकडे. ऑपरेटरनं कानावरचा गमछा सारखा केला आणि तुमची छिन्नी पुन्हा दगडावर टेकवली.

तुम्ही आमचा चौक सोडून गेलात, पण निवृत्त झालेला नाहीत. वडाळ्याकडून गेटवे ऑफ इंडियाकडे जाणारी मेट्रो 11 बहुतांशी जमिनीखालूनच असणार आहे. म्हणजे शहरातल्या सगळ्यात दाट आणि सगळ्यात जुन्या वस्त्यांत तुमची पायधूळ झडणार. तिथल्या इमारतींच्या भिंतींवर काचपट्ट्या लागण्याआधी, तुम्हाला कामावर धाडणाऱ्यांकडे एवढ्या मागण्या पोचवा. कुंपणाच्या फाटकावर डेसिबलचा चालू आकडा दाखवणारा फलक लावा, आणि तो रस्त्यावरच्या माणसाला वाचता येईल इतका मोठा असू द्या. हादऱ्यांच्या रोजच्या नोंदी ज्यांच्या भिंती हलतात त्यांना दाखवा. तुम्ही कोणत्या दिवशी किती ते किती वाजेपर्यंत चालणार, याचं वेळापत्रक आठवडाभर आधी प्रत्येक इमारतीच्या फलकावर लावा. रात्री दहानंतर तुमच्या छिन्नीचं टोक आभाळाकडे नको, जमिनीकडेही नको, छिन्नी नुसती बंद. आणि खड्ड्यातल्या प्रत्येक पोराच्या कानाला गमछ्याऐवजी कर्णरक्षक द्या. तो तुमच्या सगळ्यात जवळ असतो आणि त्याच्या नावानं कुणी याचिका करत नाही.

एवढं झालं तर पुढच्या खड्ड्यात तुम्ही उतराल तेव्हा आम्ही स्वतः नारळ घेऊन येऊ. फोडायला तुम्हीच आहात.

कळावे. लोभ कमी केलात तरी चालेल.

आपला,
चौथा मजला, रस्त्याकडची खोली

ता. क. हे पत्र ब्रेकररावांच्या हाती पडेल न पडेल, वाचकांच्या हाती नक्की पडलं आहे. त्यांच्यासाठी एक सूचना. याच ध्वनिप्रदूषण नियमांच्या सातव्या कलमानुसार ठरलेल्या मर्यादेपेक्षा आवाज 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त झाला, अथवा रात्रीच्या बंधनाचा भंग झाला, तर कोणालाही तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही. तक्रार लेखी करा, तारीख आणि वेळ घाला, पोच घ्या, आणि एकट्यानं न करता सगळ्या इमारतीच्या सह्यांनिशी करा.